हरित इमारत प्रमाणन आणि अल्प-उत्सर्जन रंग

अल्प-उत्सर्जन रंग म्हणजे ज्यांतून लावताना व वाळल्यानंतर इमारतीच्या आतील हवेत बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (व्हीओसी) कमी प्रमाणात मिसळतात असे रंग, प्रायमर, वॉर्निश व तत्सम लेप होत. लीड, ब्रीॲम, आयजीबीसी, ग्रिहा या हरित इमारत मानांकन पद्धतींत अशा लेपांच्या वापराला गुण दिले जातात. या गुणांसाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या जातात. पहिली, डब्यातील रंगात व्हीओसी किती आहे. तिला घटक-प्रमाण म्हणतात. दुसरी, रंग पृष्ठभागावर लावल्यानंतर खोलीच्या हवेत ही संयुगे किती येतात. तिला उत्सर्जन म्हणतात. जाहिरातींत व निविदांतही या दोन्ही गोष्टी सर्रास एक मानल्या जातात. डब्यावरील ‘लो व्हीओसी’ ही अक्षरे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात, दुसऱ्याचे देत नाहीत. जुन्या मानांकन आवृत्त्यांचा भर पहिल्या प्रश्नावर होता. नव्या आवृत्त्या दोन्ही उत्तरे मागतात.

रंगातील बाष्पनशील घटक

रंगाचे मुख्य घटक चार असतात: पृष्ठभागाला चिकटणारे व पटल तयार करणारे बंधक, झाकण्याची क्षमता व छटा देणारी रंगद्रव्ये आणि भरणद्रव्ये, हे सर्व प्रवाही ठेवणारा द्रव आणि अल्प प्रमाणातील पूरक रसायने. इनॅमलमध्ये (बोलीभाषेतील ऑइल पेंट) हा द्रव बहुधा मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा विद्रावक असतो. पटल वाळते तेव्हा तो जवळजवळ सर्व हवेत जातो. इमल्शनमध्ये (बोलीभाषेतील प्लास्टिक पेंट) त्याची जागा पाणी घेते. म्हणून इमल्शनला वास कमी असतो आणि त्याचे व्हीओसी प्रमाण इनॅमलच्या मानाने फारच थोडे असते.

तरीही पाण्यावर आधारित रंग आपोआप व्हीओसीमुक्त ठरत नाही. ॲक्रिलिक बंधकाचे सूक्ष्म कण पाणी उडून गेल्यावर एकमेकांत मिसळून सलग पटल व्हावे लागते. त्यासाठी ते कण तात्पुरते मऊ करणारे विद्रावक घालतात. ब्रश चालवताना कडा लवकर वाळू नयेत आणि थंडीत रंग गोठू नये म्हणून ग्लायकॉल वापरतात. डब्यात बुरशी व जीवाणू वाढू नयेत म्हणून आयसोथायाझोलिनोन गटातील परिरक्षके किंवा फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे मिसळतात. त्यांचे प्रमाण नगण्य असले तरी फॉर्माल्डिहाइडची हवेतील मर्यादाही तितकीच सूक्ष्म असते.

रंगातून होणारे उत्सर्जन दोन टप्प्यांत होते. ओल्या टप्प्यात विद्रावक पृष्ठभागावरून भराभर उडतात. हा काळ काही तासांचा असतो. वाळलेल्या टप्प्यात उरलेले रेणू घट्ट पटलातून हळूहळू बाहेर पडतात आणि हे आठवडे किंवा महिने चालू शकते. उत्कलनबिंदू जास्त असलेली संयुगे पहिल्या टप्प्यात फारशी दिसत नाहीत, पण दुसऱ्या टप्प्यात टिकून राहतात. त्यामुळे वास गेला म्हणजे उत्सर्जन थांबले असे म्हणता येत नाही.

चुन्याची सफेदी हा या संदर्भात वेगळा प्रकार आहे. तीत विझवलेला चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून कठीण होतो आणि सेंद्रिय विद्रावकाची गरजच पडत नाही. मात्र तयार डब्यातील चुन्याच्या रंगात पूरक रसायने असू शकतात, म्हणून त्यांनाही चाचणीतून सूट नसते.

मर्यादांचा उगम

रंगांवरील व्हीओसी मर्यादा मुळात खोलीतील हवेसाठी आलेल्या नाहीत. त्या शहराच्या हवेसाठी आल्या. १९५०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ आरी हाखन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसमधील धुरक्याचे कारण दाखवून दिले. सेंद्रिय वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, हे ते कारण. त्यानंतर विद्रावकांवर निर्बंध येऊ लागले. दक्षिण कॅलिफोर्नियातील साउथ कोस्ट वायुगुणवत्ता व्यवस्थापन जिल्ह्याने १९७७ मध्ये इमारतींच्या रंगांसाठी नियम १११३ केला. पुढे अनेकदा कडक झालेला हा नियम आज जगभरच्या हरित इमारतींत आधार मानला जातो. २०११च्या आवृत्तीत भिंतीच्या मॅट व चकचकीत अशा दोन्ही रंगांसाठी ५० ग्रॅम प्रति लिटर, प्रायमरसाठी १०० आणि वॉर्निश व लॅकरसाठी २७५ ही मर्यादा आहे.

या उगमाचा एक परिणाम आजही टिकून आहे. जे विद्रावक ओझोन निर्मितीत फारसा भाग घेत नाहीत त्यांना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने व्हीओसीच्या व्याख्येतूनच वगळले आहे. ॲसिटोन १९९५ मध्ये आणि टर्शरी ब्युटाइल ॲसिटेट २००४ मध्ये या सूट-यादीत आले. यामुळे ॲसिटोन भरपूर असलेला लेप कागदावर अल्प-व्हीओसी ठरू शकतो, जरी बंद खोलीत काम करणाऱ्याच्या नाकात ती वाफ जातच असली तरी. अमोनिया सेंद्रिय नसल्याने तोही या मोजणीत येत नाही.

युरोपीय संघाने २००४च्या निर्देशानुसार (२००४/४२) व्हीओसीची व्याख्या उत्कलनबिंदूवर केली. सामान्य वातावरणीय दाबाला ज्याचा प्रारंभिक उत्कलनबिंदू २५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आहे ते सेंद्रिय संयुग व्हीओसी होय. आतील भिंती व छताच्या पाण्यावर आधारित मॅट रंगांसाठी मर्यादा २००७ पासून ७५ आणि २०१० पासून ३० ग्रॅम प्रति लिटर झाली. ॲक्रिलिक रंगांत पटल जुळवण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा एक विद्रावक २५५ अंशांच्या आसपास उकळतो; युरोपीय व्याख्येत तो व्हीओसी नाही, अमेरिकी व्याख्येत आहे.

ग्रॅम प्रति लिटरचा हिशेब

दोन्हीकडील एकक एकच असले तरी आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण छेद वेगळा आहे. युरोपात वापरासाठी तयार असलेल्या संपूर्ण रंगाचे आकारमान धरतात. अमेरिकेत भिंतीच्या रंगांसाठी पाणी व सूट दिलेले विद्रावक वजा करून उरलेले आकारमान धरतात. पाणी घालून आकडा कमी दाखवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

समजा एका लिटर इमल्शनमध्ये २८ ग्रॅम व्हीओसी आणि ५०० मिलिलिटर पाणी आहे. युरोपीय पद्धतीने त्याचे प्रमाण २८ ग्रॅम प्रति लिटर येते आणि ते ३०च्या आत बसते. अमेरिकी पद्धतीने २८ ग्रॅमला अर्ध्या लिटरने भागावे लागते. उत्तर ५६ येते आणि तोच रंग ५०ची मर्यादा ओलांडतो. माहितीपत्रकावर केवळ आकडा असेल आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते नसेल, तर असा पुरावा मानांकन तपासणीत परत पाठवला जाण्याची शक्यता असते.

कक्ष चाचणी

उत्सर्जन मोजण्यासाठी रंगाचा नमुना ठरलेल्या जाडीने काच, जिप्सम बोर्ड यांसारख्या पृष्ठभागावर लावतात व स्वच्छ हवा खेळत्या बंद कक्षात ठेवतात. बाहेर पडणारी हवा शोषक नळ्यांत धरून वायु-वर्णलेखन व द्रव्यमान-वर्णपटमापन या पद्धतींनी तपासतात. मिळालेला उत्सर्जन-दर एका प्रमाणित खोलीला लावून त्या खोलीच्या हवेत प्रत्येक संयुगाचे प्रमाण किती होईल हे गणिताने काढले जाते. युरोपीय मानक ईएन १६५१६ मधील खोली ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब व २.५ मीटर उंच असते आणि तिच्यात दर दोन तासांनी हवा पूर्ण बदलते.

लीडमध्ये मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्रमाणित पद्धत (आवृत्ती १.२, २०१७) स्वीकारली जाते. तीत नमुना १० दिवस मुरवून पुढे ९६ तास कक्षात तपासतात, म्हणजे निकाल १४व्या दिवसाचा असतो. फॉर्माल्डिहाइडची मर्यादा ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. एकूण व्हीओसीला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी अट नाही; ते ०.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत, ०.५ ते ५, की ५ व त्याहून अधिक, एवढा पट्टा जाहीर करावा लागतो. जर्मनीच्या एजीबीबी पद्धतीत तिसऱ्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मोजमाप होते. २८व्या दिवशी एकूण व्हीओसी १ मिलिग्रॅम प्रति घनमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फ्रान्सने तर २०१२ पासून नव्या रंगांवर ‘ए प्लस’ ते ‘सी’ अशी उत्सर्जन-श्रेणी छापणे बंधनकारक केले.

दोन्ही चाचण्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला होतात. तापमान वाढले की उत्सर्जन-दर वाढतो. त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात बंद ठेवलेल्या खोलीचे प्रत्यक्ष आकडे प्रयोगशाळेतील अहवालाहून जास्त येणे अपेक्षितच आहे. अहवाल निरनिराळे रंग एकमेकांशी ताडून पाहण्यास उपयोगी पडतो. विशिष्ट खोलीच्या हवेचे भाकीत म्हणून तो वाचू नये.

मानांकन पद्धतींतील अटी

अमेरिकेच्या हरित इमारत परिषदेच्या लीड पद्धतीत जुन्या आवृत्त्यांत (२००९ पर्यंत) केवळ घटक-प्रमाण पाहिले जाई. भिंतीच्या मॅट रंगांना ५०, चकचकीत रंगांना १५०, गंजरोधक लेपांना २५० आणि वॉर्निशला ३५० ग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा होती. एखादा लेप मर्यादेबाहेर गेला तर संपूर्ण इमारतीचा व्हीओसी ताळेबंद मांडून तो भरून काढण्याची सोयही होती. २०१३च्या चौथ्या आवृत्तीने उत्सर्जन चाचणी आणली. ४.१ आवृत्तीत आतील रंग व लेपांपैकी आकारमानाने किंवा क्षेत्रफळाने किमान ७५ टक्के उत्सर्जन अटीत बसावे लागतात आणि घटक-प्रमाणाची अट मात्र १०० टक्के लेपांनी पाळावी लागते. ‘आतील’ म्हणजे इमारतीच्या जलरोधक आवरणाच्या आतील सर्व काही. कारखान्यात पावडर कोटिंग केलेले धातूचे भाग मूळातच उत्सर्जन न करणारे मानले जातात.

या दोन टक्केवाऱ्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. एका इमारतीत ४,००० लिटर इमल्शन, १,५०० लिटर प्रायमर, ३०० लिटर इनॅमल आणि २०० लिटर लाकडावरील लॅकर लागले असे समजू. इमल्शन व प्रायमर यांचे उत्सर्जन अहवाल असतील तर ६,००० पैकी ५,५०० लिटर, म्हणजे सुमारे ९२ टक्के झाले. उत्सर्जनाची अट सहज पूर्ण झाली. पण ते २०० लिटर लॅकर घटक-प्रमाणाच्या मर्यादेबाहेर असेल तर ‘१०० टक्के’ ही अट मोडते आणि रंगांचा संपूर्ण वर्ग गमावला जातो. भिंतीच्या रंगाची निवड महिनोन्‌महिने चर्चिली जाते. निकाल मात्र पुष्कळदा सुताराच्या पॉलिशवर लागतो.

ब्रिटनच्या ब्रीॲमच्या २०१८च्या आवृत्तीत आतील रंगांसाठी युरोपीय घटक-मर्यादेबरोबरच २८ दिवसांनी फॉर्माल्डिहाइड ०.०६ व एकूण व्हीओसी १ मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावे लागते.

भारतातील स्थिती

हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेरील ती अशी पहिली इमारत मानली जाते. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय हरित इमारत परिषदेच्या (आयजीबीसी) मानांकनांत ५०, १५०, २५० आणि ३५० हे जुन्या लीडमधील घटक-प्रमाणाचे आकडे आधारभूत राहिले आहेत. याच परिषदेच्या छत्राखाली उत्पादनांसाठी ग्रीनप्रो हे प्रमाणपत्र दिले जाते. टेरी व केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी विकसित केलेल्या ग्रिहा पद्धतीत आतील रंग अल्प-व्हीओसी व शिसेमुक्त असण्याची अपेक्षा आहे.

शिशाचा मुद्दा स्वतंत्र आहे. शिसे बाष्पनशील नाही, त्यामुळे कमी व्हीओसीचा रंग शिसेमुक्त असेलच असे नाही आणि याउलटही खरे आहे. भारतात २०१६च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असण्यास १ नोव्हेंबर २०१७ पासून मनाई आहे.

महाराष्ट्रात या गुणांना थेट आर्थिक किंमत आहे. बृहन्मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळता राज्याला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर वाढीव क्षेत्र मिळते. आयजीबीसी वा लीड सिल्व्हर किंवा समकक्ष मानांकनास ३ टक्के, गोल्डला ५ टक्के व प्लॅटिनमला ७ टक्के असे हे प्रमाण आहे. कबूल केलेले मानांकन भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मिळाले नाही तर दंडाची तरतूद आहे. लीडमध्ये एकूण ११० पैकी गोल्डसाठी ६० व प्लॅटिनमसाठी ८० गुण लागतात. प्रकल्प उंबरठ्यावर असेल तेव्हा अल्प-उत्सर्जन साहित्याच्या तीनपर्यंतच्या गुणांना त्यामुळे बराच अर्थ येतो.

बांधकामस्थळावरील अडचणी

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला रंग आणि भिंतीवर लागलेला रंग यांत फरक पडण्याची ठिकाणे ठरावीक आहेत. पहिले ठिकाण दुकानातील टिंटिंग यंत्र. प्रमाणपत्र बहुधा पांढऱ्या बेसचे असते, तर गडद छटेसाठी त्यात मिसळल्या जाणाऱ्या जुन्या प्रकारच्या रंजक-द्रवांत ग्लायकॉलचे प्रमाण मोठे असते. ४५ ग्रॅम प्रति लिटरच्या बेसच्या एका लिटरमध्ये ३०० ग्रॅम प्रति लिटर व्हीओसी असलेला रंजक ८० मिलिलिटर घातला, तर पाणी वगळण्याचा हिशेब बाजूला ठेवूनही तयार रंग सुमारे ६४ ग्रॅम प्रति लिटरवर जातो. कॅलिफोर्नियाच्या नियम १११३ मध्ये म्हणूनच भिंतीच्या रंगात मिसळायच्या रंजकालाही ५० ग्रॅम प्रति लिटरची वेगळी मर्यादा घातली आहे. निविदेत छटेसह तयार रंगाचे प्रमाण मागणे हा यावरचा साधा उपाय आहे.

दुसरे ठिकाण थिनर. गंजरोधक प्रायमर २४० ग्रॅम प्रति लिटरचा, म्हणजे २५०च्या आत असला, तरी रंगाऱ्याने तो पातळ करण्यासाठी लिटरमागे १०० मिलिलिटर टर्पेंटाइन ओतले की त्यात सुमारे ७८ ग्रॅम व्हीओसीची भर पडते आणि प्रत्यक्ष प्रमाण २८९ होते. लोखंडी ग्रिल व चौकटींच्या कामात असे पातळ करणे ही नित्याची बाब आहे. ब्रश धुण्याचे विद्रावक कोणत्याच तक्त्यात येत नाहीत.

तिसरे ठिकाण किरकोळ वाटणारे लेप: लाकडावरील सीलर, मेलामाइन किंवा पीयू पॉलिश, धातूवरील रेड ऑक्साइड, डाग झाकण्यासाठी शेवटच्या क्षणी आणलेला डबा. हे साहित्य रंगकामाच्या नव्हे तर सुतारकामाच्या किंवा फॅब्रिकेशनच्या कंत्राटात येते आणि म्हणून रंगांच्या यादीतून निसटते. लाखेचे फ्रेंच पॉलिश हा यातला गमतीचा अपवाद. स्पिरिटमुळे त्यात व्हीओसी भरपूर असते, पण नियम १११३ मध्ये पारदर्शक शेलॅकला ७३० ग्रॅम प्रति लिटरची सवलत असल्याने घटक-प्रमाणाची अट ते ओलांडत नाही.

चौथी अडचण कागदपत्रांची. सुरक्षा माहितीपत्रकात धोकादायक घटकांचे टक्केवारीतील पट्टे असतात. त्यावरून व्हीओसी प्रमाण काढता येत नाही. उत्सर्जनासाठी अहवालावर चाचणी पद्धतीचे नाव व आवृत्ती, खोलीचा प्रकार, एकूण व्हीओसीचा पट्टा आणि प्रयोगशाळेची आयएसओ/आयईसी १७०२५ मान्यता दिसावी लागते. ग्रीनगार्ड व ग्रीनगार्ड गोल्ड ही नावे सारखी असली तरी कॅलिफोर्निया पद्धतीच्या निकषांचा अंतर्भाव गोल्ड श्रेणीतच होतो. माल संपला म्हणून डीलरने ‘तसाच’ दुसरा रंग पाठवला तर नवा पुरावा लागतो, आणि हे कामाच्या शेवटी लक्षात आले तर भिंत खरवडून काढण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही.

ताबा देण्यापूर्वीचे वायुवीजन

लीडमध्ये बांधकाम संपल्यावर इमारत हवेने धुऊन काढण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. त्यासाठी दर चौरस फूट जमिनीमागे १४,००० घनफूट, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४,२६७ घनमीटर बाहेरची हवा आत खेळवावी लागते. त्या काळात तापमान १५ ते २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवणे आवश्यक असते. मुंबई, कोकण व गोव्यात पावसाळ्याच्या महिन्यांत बाहेरची हवा याहून कितीतरी दमट असते. ती कोरडी करण्याचा वीजखर्च टाळण्यासाठी काही प्रकल्प हवेची प्रत्यक्ष चाचणी हा दुसरा पर्याय निवडतात. सुरुवातीपासून अल्प-उत्सर्जन लेप वापरले असतील तर ती चाचणी पार होण्याची शक्यता वाढते.

रंगकाम करणाऱ्यांचे आरोग्य

उत्सर्जन चाचण्यांचा पहिला निकाल काही दिवसांनंतरचा असतो. त्या राहणाऱ्याच्या दृष्टीने आखल्या आहेत. रंगारी मात्र ओल्या टप्प्यातच खोलीत असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रंगारी म्हणून होणाऱ्या व्यावसायिक संपर्काचे वर्गीकरण गट १ मध्ये, म्हणजे मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केले आहे. फॉर्माल्डिहाइडही याच गटात आहे. रंगाऱ्याच्या दृष्टीने घटक-प्रमाणाची मर्यादा कक्ष चाचणीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरते, कारण डब्यात जे नाही ते श्वासात जाण्याचा प्रश्न येत नाही. त्या मोजणीत न धरलेले ॲसिटोनसारखे विद्रावक व ब्रश धुण्याचे थिनर यांपासूनचे संरक्षण मानांकनाच्या कक्षेबाहेर राहते. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी बसवलेला श्वसन-मुखवटा आणि उघड्या खिडक्या लागतात. इमल्शनचे काम करताना हा धोका कमी असतो, तर बंद खोलीत लॅकर किंवा पीयू पॉलिशचा फवारा मारताना तो सर्वाधिक असतो.